पहिला विरुद्ध आठवा

वाचकहो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुडघे, झोप, साखर आणि बद्धकोष्ठ यांचेच राज्य असते. या पंधरवड्यात मात्र एका भगिनींनी चक्क बास्केटबॉलविषयी विचारले आहे. त्यांच्या यजमानांचे वय बहात्तर. दीड वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली. नातू न्यू जर्सीत, वय अकरा. एप्रिल उजाडला की एनबीएच्या बाद फेरीचे सामने सुरू होतात आणि आजोबा पहाटे उठून नातवाबरोबर, म्हणजे फोन कानाशी धरून, ते पाहतात. नातवाचा लाडका संघ यंदा आठव्या क्रमांकावर आहे आणि त्याची गाठ पहिल्या क्रमांकाच्या संघाशी पडली आहे. बाई लिहितात, ‘हा लिंबूटिंबू संघ त्या बलाढ्य संघाला हरवू शकेल का, असे हे मला दिवसातून चारदा विचारतात. मला त्यातले ओ की ठो कळत नाही. शिवाय असल्या अवस्थेत त्यांनी हे पाहावे का, तेही सांगा.’ पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, एक वाक्य आहे: ‘इकोच्या कागदावर ३५ टक्के आल्यापासून यांनी फिरायला जाणे सोडले आहे, म्हणतात, मीही आता आठव्या क्रमांकाचाच.’

पत्रातील खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. पण त्याच्याकडे जाण्याचा रस्ता बास्केटबॉलवरूनच जातो, आणि तो रस्ता मला आवडतो. वैद्यकीय महाविद्यालयात असताना सिमेंटच्या मैदानावर हा खेळ मीही खेळलो आहे. उंची बेताची असल्याने बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला, आणि बाकावरून खेळ फार चांगला दिसतो.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडेसे. एनबीए ही अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धा. तीस संघ, पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग. प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो आणि मग प्रत्येक विभागातील आठ संघ बाद फेरीत जातात. पहिल्याची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, अशी मांडणी. परंतु आपल्याकडील बाद फेरीसारखा एकाच सामन्यात निकाल लागत नाही. त्याच दोन संघांत सातपर्यंत सामने होतात. जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. सातवा सामना खेळावा लागला तर तो वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरच्या मैदानावर होतो. म्हणजे ज्याचे पारडे आधीच जड, त्याच्याच पारड्यात आणखी एक वजन.

आता इतिहास. सोळा संघांची ही पद्धत १९८४ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२३ पर्यंत चाळीस हंगाम झाले. दरवर्षी पहिला विरुद्ध आठवा अशा दोन मालिका, म्हणजे एकूण ८०. त्यांपैकी आठव्याने पहिल्याला किती वेळा हरवले? सहा वेळा. १९९४ साली डेन्व्हरने सिएटलला, १९९९ साली न्यू यॉर्कने मायामीला, २००७ मध्ये गोल्डन स्टेटने डॅलसला, २०११ मध्ये मेम्फिसने सॅन अँटोनिओला, २०१२ मध्ये फिलाडेल्फियाने शिकागोला आणि २०२३ मध्ये मायामीने मिलवॉकीला. शंभरात साडेसात. आजोबांच्या प्रश्नाचे रोखठोक उत्तर हे: हरवू शकतो, पण क्वचित.

क्वचित का, हे आपल्या रक्तदाबाच्या वहीवरून समजेल. दवाखान्यात एकदा मोजलेला रक्तदाब मी फारसा मानत नाही. जिना चढून आलात, रांगेत भांडण झाले, डॉक्टरांना पाहून छाती धडधडली, की आकडा वर जातो. म्हणून मी घरी सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा रक्तदाब मोजून लिहायला सांगतो, पहिला दिवस सोडून देतो आणि उरलेल्यांची सरासरी काढतो. तीत माणसाचा खरा रक्तदाब दिसतो. बास्केटबॉलचा एक सामना म्हणजे दवाखान्यातले एक मोजमाप. त्यात काहीही होऊ शकते. सात सामन्यांची मालिका म्हणजे आठवड्याची वही. दुबळ्या संघाची एक सामना जिंकण्याची शक्यता शंभरात ३० धरली, तर सातांपैकी चार जिंकण्याची शक्यता १३च्या आसपास उतरते. ती ४० धरली, तर मालिकेची शक्यता २९. सामने जितके अधिक, तितका योगायोगाला वाव कमी.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह होतो. २००२ पर्यंत ही पहिली फेरी पाचच सामन्यांची होती. २००३ पासून ती सातांची झाली. वरील हिशेबाने त्यानंतर आठव्या क्रमांकाचे विजय आणखी दुर्मीळ व्हायला हवे होते. घडले उलटेच. पाच सामन्यांच्या काळातील ३८ मालिकांत दोन धक्के, आणि सात सामन्यांच्या काळातील, २०२३ पर्यंतच्या, ४२ मालिकांत चार. गणित चुकले का? नाही. एवढ्या थोड्या घटनांवरून नियम काढता येत नाही, हे पहिले उत्तर. (शेजारच्या दोघांना अमुक काढ्याने गुण आला म्हणून तो काढा घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) दुसरे उत्तर असे की, वरचा हिशेब दोन्ही संघांची ताकद सातही सामन्यांत तीच राहील असे गृहीत धरतो. ती तशी राहत नाही, कारण खेळणारी माणसे असतात आणि माणसाला शरीर असते. डॉक्टरला या खेळात रस वाटतो तो इथे.

२०१२ सालचा शिकागोचा संघ घ्या. डेरिक रोझ हा त्यांचा तरुण नायक. आदल्या वर्षी साऱ्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला. फिलाडेल्फियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, २८ एप्रिल रोजी, सामना संपायला दीडएक मिनिट उरले असताना आणि संघ आरामात पुढे असताना तो उडी मारायला गेला आणि डाव्या गुडघ्याचा आतील अस्थिबंध तुटला. तो सामना शिकागोने जिंकला. मालिका ४-२ अशी गमावली. रोझला पुढचा अख्खा हंगाम बाहेर बसावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, हंगामाच्या अखेरच्या सामन्यात सॅन अँटोनिओच्या मनू जिनोबिलीच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. मेम्फिसविरुद्धचा पहिला सामना तो खेळू शकला नाही आणि तो सामना त्यांनी तीन गुणांनी गमावला. वरच्या क्रमांकाचा हंगामभराचा रुबाब एका सांध्यावर उभा असतो.

पण दुखापतीनेच सारे समजते असे मानू नका. मेम्फिसचाही एक प्रमुख खेळाडू, रूडी गे, खांद्याच्या दुखापतीने त्या मालिकेत नव्हता, आणि तरी तो संघ जिंकला. आणि २००७ साली तर डॅलसकडे असे कोणतेच निमित्त नव्हते. ८२ पैकी ६७ सामने जिंकून तो संघ पहिला आला होता. गोल्डन स्टेटने जेमतेम ४२ जिंकले होते आणि बाद फेरी त्यांनी तेरा वर्षांत पाहिली नव्हती. मात्र एक गोष्ट आकड्यांच्या ढिगाखाली झाकली गेली होती: त्या हंगामात हे दोन संघ तीनदा भिडले आणि तिन्ही वेळा गोल्डन स्टेट जिंकले. त्यांचे प्रशिक्षक डॉन नेल्सन हे पूर्वी अनेक वर्षे डॅलसचेच प्रशिक्षक होते. डॅलसचा सात फुटी जर्मन खेळाडू डर्क नोवित्स्की त्यांच्याच हाताखाली घडलेला. त्याला कुठे चेंडू मिळाला की तो सुखावतो आणि कुठे अडवला की अडखळतो, हे नेल्सन यांना पाठ होते. त्यांनी त्याच्यावर त्याच्याहून बुटके पण चपळ आणि चिवट खेळाडू सोडले आणि खेळाचा वेग असा वाढवला की उंचीचा उपयोगच होईना. सहाव्या आणि अखेरच्या सामन्यात नोवित्स्कीचे तेरा प्रयत्नांपैकी दोनच यशस्वी झाले. डॅलस १११-८६ असे हरले. हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब नोवित्स्कीला जाहीर झाला तो संघ बाहेर पडल्यानंतर. त्या समारंभातील त्याचा चेहरा आठवला की आजही वाईट वाटते. चार वर्षांनी त्याने डॅलसला अजिंक्यपद मिळवून दिले, हे त्याच्या खात्यावर आवर्जून लिहायला हवे.

येथून एक गोष्ट आजोबांनी नातवाला सांगावी. ‘आपला संघ आठवा आहे’ एवढ्यावर थांबू नये. ज्याच्याशी गाठ पडली आहे, त्याच संघाविरुद्ध हंगामात काय झाले, तिथे कोण कोणाला अडवतो, हे पाहावे. क्रमांक साऱ्या जगाविरुद्धच्या कामगिरीचा असतो. मालिका एकाच प्रतिस्पर्ध्याशी खेळायची असते.

१९९४ च्या सिएटलविरुद्धच्या मालिकेचे एक दृश्य कित्येकांनी पाहिले असेल. डेन्व्हरने पहिले दोन सामने गमावले, पुढचे तिन्ही जिंकले. शेवटचा जादा वेळेत. सामना संपताच डेन्व्हरचा सात फूट दोन इंच उंचीचा डिकेंबे मुटोंबो चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जमिनीवर आडवा पडला आणि आनंदाने किंचाळत राहिला. हा माणूस मूळचा काँगोचा. अमेरिकेत आला तो डॉक्टर व्हायचे स्वप्न घेऊन. उंचीमुळे खेळाकडे ओढला गेला. पुढे मायदेशातील अशांततेच्या काळात आजारी आईला रुग्णालयापर्यंत नेता आले नाही आणि ती घरीच गेली. मुटोंबोने स्वतःचे कोट्यवधी डॉलर घालून किन्शासा शहरात तीनशे खाटांचे रुग्णालय उभारले आणि त्याला आईचे नाव दिले. २०२४ साली मेंदूच्या कर्करोगाने, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला. विषयाला सोडून आहे, ठाऊक आहे. पण डॉक्टरच्या सदरात हे लिहायचे नाही तर कुठे?

आता २०२३. मला विचाराल तर सहांपैकी ही मालिका सर्वांत शिकवणारी. मायामीचा संघ ८२ पैकी ४४ सामने जिंकून आलेला. अलीकडे सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना बाद फेरीत शिरण्यासाठी आधी पात्रता सामने खेळावे लागतात. मायामीने त्यातला पहिला अटलांटाविरुद्ध गमावला आणि दुसरा शिकागोविरुद्ध जिंकून शेवटच्या दारातून कसाबसा प्रवेश मिळवला. समोर मिलवॉकी, ५८ विजय, आणि यानिस आंतेतोकुंपो हा ग्रीक महाबली. पहिल्याच सामन्यात यानिस पाठीवर आदळला; अकरा मिनिटे खेळून त्याला बाहेर जावे लागले. पुढचे दोन सामने तो खेळला नाही. ‘मग काय, नशीब,’ असे आपण म्हणाल. थांबा. त्याच सामन्यात मायामीचा टायलर हीरो चेंडूसाठी झेपावताना हात मोडून बसला. तिसऱ्या सामन्यात त्यांचा आणखी एक खेळाडू गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंध तुटून गेला. दुसरा सामना मिलवॉकीने यानिसविनाच दणदणीत जिंकला. म्हणजे दुखापतींचा ताळेबंद वाटतो तितका एकतर्फी नव्हता. आणि चौथ्या सामन्यात यानिस परतला तेव्हा मायामीच्या जिमी बटलरने एकट्याने ५६ गुण केले. पाचव्या सामन्यात तीन सत्रे संपली तेव्हा मायामी सोळा गुणांनी मागे होते. निर्धारित वेळ संपायला अर्धा सेकंद असताना बटलरने पडता पडता बरोबरी साधली, आणि जादा वेळेत १२८-१२६ असा विजय. मालिका ४-१.

या विजयात नशिबाचा वाटा होता आणि तो मान्य करायला हवा. वर्तुळाबाहेरून लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात. संपूर्ण हंगामात मायामीचे अशा फेकींचे यश ३४ टक्क्यांच्या आसपास, तीस संघांत जवळजवळ तळाला. या मालिकेत ते ४५ टक्क्यांवर गेले. संघ तोच, हात तेच, पण आठ-दहा दिवस चेंडू जाळीतच पडत राहिले. असे दिवस येतात आणि ते टिकत नाहीत. पण नशिबाचा कौल आपल्या बाजूने पडावा यासाठी त्या दिवसापर्यंत मैदानात टिकून राहावे लागते. मायामीचे प्रशिक्षक एरिक स्पोलस्ट्रा यांच्या संघात कितीतरी खेळाडू असे होते, ज्यांना एनबीएच्या वार्षिक निवडीत एकाही संघाने घेतले नव्हते. मॅक्स स्ट्रूस, गेब व्हिन्सेंट, केलेब मार्टिन, डंकन रॉबिन्सन, सगळे तसेच, नाकारलेले. हीरो गेल्यावर हीच मंडळी उभी राहिली. पुढे या संघाने न्यू यॉर्क आणि बोस्टनलाही हरवले. अंतिम फेरीत डेन्व्हरने त्यांना ४-१ असे नमवले, आणि ते योग्यच होते. डेन्व्हर अधिक चांगले होते.

एक लहानसा हिशेब करा. मिलवॉकीचे ८२ पैकी ५८ विजय, म्हणजे शंभरात सुमारे ७१. मायामीचे ४४, म्हणजे शंभरात ५४. त्या हंगामातील सर्वांत बलाढ्य संघही दहांपैकी सुमारे तीन सामने हरलाच. शंभरपैकी शंभर कोणाचेच नसतात.

आणि आता त्या इकोच्या कागदाकडे येऊ. कागदावर ‘ईएफ ३५ टक्के’ असे लिहिलेले असते आणि घरातली माणसे ते असे वाचतात की हृदयाचे पस्तीसच टक्के शिल्लक आहे, पासष्ट टक्के गेले. अर्थ तसा नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती भाग बाहेर फेकला जातो, याचा तो आकडा आहे. ठणठणीत माणसातही तो साधारण ५५ ते ७० असतो. कप्पा पूर्ण रिकामा कधीच होत नाही, व्हायचाही नसतो. पस्तीसची तुलना शंभराशी करायची नाही, साठाशी करायची. पस्तीस म्हणजे हृदय दुबळे आहे, हे खरे. मी ते लपवणार नाही, आणि हा आकडा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण तो शेवटचा निकालही नाही. योग्य औषधे नियमाने घेतली, मीठ आवरले, तंबाखू सोडली, डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे चालणे सुरू ठेवले, तर अनेकांत काही महिन्यांनी हा आकडा वर सरकतो. काहींत सरकत नाही, पण तीच माणसे अधिक चालू लागतात, कमी धापतात, रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात. फिरणे सोडून घरात बसल्याने मात्र पाय, श्वास आणि मन तिन्ही खचतात. यजमानांना फिरणे कोणी बंद केले नसेल आणि त्यांनी स्वतःच सोडले असेल, तर त्यांना आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना एवढेच विचारू द्या: ‘मी किती चालू?’ मग पहिल्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंत, बोलता येईल इतक्या वेगाने. दररोज सकाळी लघवीनंतर वजन करून वहीत लिहा; तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा पायांवर सूज आली तर डॉक्टरांना कळवा.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना आणखी एक सांगायचे आहे. ‘डॉक्टर, चान्स किती?’ हा प्रश्न मला जवळपास रोज ऐकावा लागतो. मी शंभरात आठ म्हटले की काही घरे लगेच निरवानिरव करू लागतात आणि काही घरे त्या आठांसाठी शेत विकायला निघतात. दोघांनाही आकडा नीट ऐकू आलेला नसतो. त्या आठांत खरीखुरी माणसे असतात, तशीच ब्याण्णवांतही. म्हणून आकडा ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारत जा: ‘या आठांत जाणारे रुग्ण कसे असतात? आमच्या रुग्णात त्यातले काय आहे, काय नाही? आणि प्रयत्न केला तर रुग्णाला सोसावे काय लागेल?’ गोल्डन स्टेटचा आठवा क्रमांक सर्वांना दिसत होता. तीनदा डॅलसला हरवल्याची नोंद शोधणाऱ्यालाच दिसली. कधी शोध घेतल्यावर नोंद विरुद्धच निघते, आणि तेव्हा रुग्णाला शांतपणे, वेदनेविना, आपल्या माणसांत ठेवणे हा पराभव नसतो. हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: पाहावे की नाही? २००६ साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मन संघाचा सामना ज्या दिवशी असे त्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या तुलनेत अडीच पटींहून अधिक आढळले. पुरुषांत वाढ अधिक, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात सर्वाधिक. बहुतेक त्रास सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत. तेव्हा ‘खेळ तर आहे, त्यात काय’ असे मी म्हणणार नाही. तरीही पाहू नका असेही म्हणणार नाही. चालताना छातीत दुखत नसेल, रात्री दम लागून उठून बसावे लागत नसेल, तर नातवाबरोबरचे ते दोन-अडीच तास या वयात कुठल्याही गोळीइतके मोलाचे आहेत. ज्यांना या तक्रारी आहेत त्यांनी निकाल कळल्यावर दुपारी मुद्रित सामना पाहावा. गंमत थोडी कमी होते, नाडीही कमी धावते.

अमेरिकेतील संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचपासून सुरू होतात, पश्चिम किनाऱ्यावरचे साडेसातच्या सुमारास. पहाटेचा सामना पाहायचा तर रात्री नऊलाच पाठ टेकावी. सकाळच्या गोळ्या नेहमीच्याच वेळी घ्याव्यात, सामन्यासाठी पुढे ढकलू नयेत. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती घेतल्यावर दोन-तीनदा उठावे लागणार, त्यामुळे काही मोक्याचे क्षण हुकतील. ते हुकू द्यावेत, गोळी हुकू देऊ नये. सामन्याबरोबर फरसाणाची बशी नको. पस्तीस टक्क्यांच्या हृदयाला मिठाइतका चिवट प्रतिस्पर्धी दुसरा नाही. आणि छातीवर दाब, दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणे, अचानक धाप, यांतले काहीही झाले तर ‘एवढे सत्र संपू दे’ म्हणायचे नाही. १०८ क्रमांक फिरवायचा. मधुमेहींना कधी कधी वेदना होतच नाही, नुसता घाम आणि अस्वस्थपणा येतो. घरच्यांनी पडद्याइतकेच लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे ठेवावे.

मध्यंतर पंधरा मिनिटांचा असतो. तेवढ्यात उठून घरातल्या घरात चार फेऱ्या होतात, पाय मोकळे होतात. चहा रात्रीच थर्मासमध्ये भरून टीपॉयवर ठेवला, तर पत्र लिहिणाऱ्या भगिनींना पहाटे साडेचारला उठावे लागणार नाही. त्यांच्याही झोपेचा हिशेब कोणीतरी ठेवायला हवा.